धामापूरच्या तळ्याचें मूळ : एका प्रचलित विधानाचें परीक्षण

मालवण तालुक्यांतील धामापूर गांवचें तळें विजयनगरच्या राजांचे मांडलिक नागेश देसाई यांनीं इ. स. १५३० मध्यें बांधविलें, असें एक विधान गेलीं कित्येक वर्षें लेखांतून व माहितीपत्रकांतून, एकाच्या तोंडचें दुसऱ्यानें उचलावें अशा रीतीनें, फिरत आलें आहे. इ. स. २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें जगांतील वारसा-सिंचनस्थळांच्या यादींत या तळ्याचा समावेश केला, आणि तेव्हांपासून या विधानास एक प्रकारची राजमान्यता आल्यासारखें झालें. तळें त्या मानास पात्र आहे, याविषयीं आम्हांस यत्किंचितहि शंका नाहीं. आमची शंका आहे ती विधानाविषयीं. त्यांत साल, धनी व कर्ता अशा तीन निरनिराळ्या गोष्टी एका दोऱ्यांत ओंवलेल्या आहेत; आणि तिन्ही एका दमांत उच्चारल्या जात असल्यामुळें प्रत्येक गोष्ट दुसरीचा पुरावा आहे, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः त्यांपैकीं दोन गोष्टी एकमेकींशीं भांडत आहेत. तें भांडण येथें उघड करून दाखवावयाचें आहे.

ज्यांनीं हें स्थळ पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. कुडाळाहून नेरूरपारावरून मालवणास जाणाऱ्या वाटेवर हें तळें लागतें. भोंवतीं झाडीनें भरलेले डोंगर, मधली खोलगट जागा, आणि ज्या बाजूनें पाणी वाहून गेलें असतें त्या बाजूस घातलेला मातीचा बांध, एवढीच त्याची रचना. कांठीं श्रीभगवतीचें देऊळ असून तेथून पाण्यापर्यंत पायऱ्या उतरतात. या मुलखांत पाऊस थोडा नाहीं. चार महिन्यांत शंभर इंच व त्याहूनहि अधिक पडतो. परंतु जांभ्या दगडाची भूमि तें पाणी धरून ठेवीत नाहीं. व्हाळांतून तें खाडीस आणि खाडींतून समुद्रास जाऊन मिळतें, व शिमगा सरला कीं बावींचे तळ दिसूं लागतात. खालच्या अंगास कर्लीची खाडी भरतीच्या खाऱ्या पाण्यानें भरलेली, आणि वर गोड्या पाण्याची वाण, अशी या किनाऱ्याची जुनी स्थिति आहे. अशा ठिकाणीं वर्षभर टिकणारें गोडें पाणी म्हणजे वायंगणाचें एक पीक अधिक, माड-पोफळींना जीवदान, आणि बायकांच्या डोक्यावरील घागरींचा एक फेरा कमी. म्हणून हें तळें कोणीं बांधलें हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. त्या पाण्याचा पहिला हक्कदार कोण, हा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

राजाच्या पाण्याचा इतिहास राहतो, आणि गांवाच्या पाण्याचा राहत नाहीं, ही गोष्ट येथून जवळच असलेल्या सिंधुदुर्गावरून चांगली ध्यानांत येते. कुरटे बेटावर त्या किल्ल्याचा पाया मार्गशीर्ष वद्य २, शके १५८६, म्हणजे ता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं घातला गेला. भर समुद्रांत असूनहि त्याच्या पोटांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. या विहिरींचा काल कोणास विचारावा लागत नाहीं. किल्ल्याच्या मागोमाग तो आपोआप येतो, कारण किल्ल्यामागें राज्य होतें, राज्यामागें दफ्तर होतें, आणि दफ्तर नसेल तेथें बखर होती. गांवच्या तळ्यामागें यांतलें कांहींच नसतें. मग पुढची पिढी त्यास एखादें राज्य मिळवून देते. धामापूरच्या बाबतींत विजयनगर आलें आहे तें याच वाटेनें आलें असावें, असा आमचा तर्क आहे.

आतां धनी पाहूं. विजयनगरची सत्ता या भागांत होती, ही गोष्ट खरी. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत माधव मंत्र्यानें गोवें घेतलें. इ. स. १३९१ मध्यें वाडीचा मुलूख गोव्यास राहणाऱ्या विजयनगरच्या अधिकाऱ्याकडे होता, हें इ. स. १८८० मध्यें निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटियरांत नमूद आहे. परंतु तेंच गॅझेटियर पुढें सांगतें कीं, पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो मुलूख एका बलाढ्य स्थानिक ब्राह्मण घराण्याच्या हातीं होता, आणि त्या शतकाच्या अखेरीस तो विजापूरकरांच्या राज्यांत मोडूं लागला. म्हणजे विजयनगरचा अंमल या किनाऱ्यावरून उठला तो पंधराव्या शतकांतच. इ. स. १४७२ मध्यें महमूद गावानानें गोवें जिंकून बहमनी राज्यास जोडलें, तेव्हां त्याचा शेवटचा आधारहि गेला.

पुढील साठ वर्षांत ही स्थिति पालटून विजयनगर पुन्हा उत्तरेकडे सरकलें असतें, तर गोष्ट वेगळी. तसें झालेलें नाहीं. इ. स. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें आदिलशहापासून, विजयनगरपासून नव्हे. गोव्याच्या उत्तरेस लागून असलेला बारदेश त्यांना मिळाला तो इ. स. १५४३ मध्यें, आणि तोहि आदिलशहाकडूनच. मालवणचा किनारा बारदेशाच्याहि उत्तरेस आहे. म्हणजे इ. स. १५३० मध्यें विजयनगरचा मांडलिक धामापुरास होता असें धरल्यास, त्याच्या व त्याच्या धन्याच्या मध्यें आदिलशहाचा व पोर्तुगीजांचा असा दुहेरी मुलूख पसरलेला होता, असें मानावें लागतें. असा मांडलिक खंडणी कोणत्या वाटेनें पाठवीत होता, आणि संकटांत साह्य कोणत्या वाटेनें मागवीत होता? शिवाय तें साल विजयनगरच्या भरभराटीचें नव्हे. कृष्णदेवराय इ. स. १५२९ मध्यें वारला होता, अच्युतराय नुकताच गादीवर आला होता, आणि इस्माइल आदिलशहानें ही संधि साधून रायचूर व मुद्गल हीं ठाणीं परत घेतलीं. ज्या राज्यास तुंगभद्रेपलीकडचा आपला दुआब राखतां आला नाहीं, तें कर्लीच्या कांठीं मांडलिक बाळगून होतें, हें संभवत नाहीं. पुढें इ. स. १५५४ मध्यें मांग सावंतानें होडावडें येथें ठाणें करून बंड उभारलें, तेंहि विजापूरकरांविरुद्ध.

तेव्हां साल खरें असेल तर धनी खोटा, आणि धनी खरा असेल तर साल खोटें. दोन्ही एकत्र खरीं असूं शकत नाहींत, एवढें आमच्या मतें निश्चित आहे.

या निर्णयावर दोन प्रकारचें उत्तर देतां येईल, आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखीं आहेत. पहिलें असें कीं, मांडलिकी ही नागेश देसायांची स्वतःची नसून घराण्याची असेल. पूर्वजांस विजयनगरकडून मान मिळालेला, राज्य बदललें तरी वंशजांनीं तो मिरविला, आणि तळें मात्र आदिलशाहींत बांधलें गेलें. आपल्याकडील घराण्यांची रीत पाहतां हें अशक्य नाहीं. धनी गेला तरी त्यानें दिलेली पदवी सोडणारें घराणें आम्हांस तरी माहीत नाहीं! दुसरें उत्तर असें कीं, तळें खरोखरच विजयनगरच्या काळचें, म्हणजे इ. स. १४७२ च्या पूर्वींचें असेल, आणि साल मागाहून चुकीचें चिकटलें असेल. या दोहोंत आम्ही पहिल्याकडे झुकतों. त्याचें कारण ‘देसाई’ हा शब्द. देसाई म्हणजे परगण्याचा वसुली वतनदार, देशावर ज्यास देशमुख म्हणत त्याचाच दक्षिण कोंकणांतील व कर्नाटकांतील भाऊ. आदिलशाही कागदपत्रांत तो पदोपदीं भेटतो. केवळ या एका शब्दावर काल ठरवावा असें आमचें म्हणणें नाहीं, कारण शब्द राज्याहून जुना असूं शकतो. परंतु दोन तर्कांचें वजन करतांना तो एका पारड्यांत पडतो खरा.

याउलट, ज्या तळ्याचें विजयनगरकर्तृत्व निर्विवाद आहे त्याचें साधन कसें असतें, तेंहि पाहावें. इ. स. २०२० च्या त्याच यादींत धामापुराबरोबर आंध्रांतील पोरुमामिळ्ळ येथील तळें आहे. बुक्करायाचा पुत्र भास्कर ऊर्फ भवदूर यानें तें बांधविलें. त्याचा शिलालेख शके १२९१, म्हणजे इ. स. १३६९ चा आहे, आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चौदाव्या खंडांत तो संपादून छापला आहे आमच्याच महाराष्ट्राच्या डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनीं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळें त्यांचें हें जुनें काम मागें पडलें, पण तळ्यांच्या अभ्यासकानें तें अवश्य पाहावें. त्या लेखांत उत्तम तळ्याचीं बारा साधनें व सहा दोष सांगितले आहेत. धर्मशील व संपन्न राजा, जलशास्त्र जाणणारा ब्राह्मण, कठीण मातीची भूमि, गोड्या पाण्याची नदी, दोन्ही बाजूंस भिडलेले डोंगर, त्यांच्यामध्यें फार लांब नसलेला पण भक्कम दगडी बांध, खोल व विस्तीर्ण पोट, जवळ सरळ दगडांची खाण, बांधकामांत कुशल माणसांचा जमाव, अशी ती यादी आहे. दोषांत पाझरणारा बांध, खारट जमीन, मध्येंच उंचवटा, पाण्याच्या मानानें फार मोठें किंवा फार लहान पोट हे तर आहेतच. पण दोन राज्यांच्या सीमेवर असणें हाहि एक दोष गणला आहे. तो दोष लिहिणारानें कोणा तळ्यावरचीं भांडणें डोळ्यांनीं पाहिलीं असलीं पाहिजेत. आणि विशेष हें कीं, तेथें एक हजार मजूर व शंभर गाडे कामावर होते व काम दोन वर्षें चाललें, एवढाहि तपशील दगडावर कोरून ठेविला आहे.

धामापूरच्या विधानासोबत असा शिलालेख, ताम्रपट किंवा सनद, यांपैकीं कशाचाहि हवाला दिला जात नाहीं. कोणी म्हणेल, डोंगरांच्या मध्यें बांध घालण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे, तीच साक्ष. ही साक्ष आम्हांस मान्य नाहीं. दोन डोंगरांची चिमटी जेथें जवळ येते तेथें पाणी अडवावें, हें शिकण्यास विजयनगरास जाण्याची गरज नव्हती. वायंगणासाठीं दर साल व्हाळास बांध घालणारा कोंकणांतील कोणताहि कुळवाडी तें जाणतो. उलट पोरुमामिळ्ळच्या लेखास दगडी बांध अभिप्रेत आहे, आणि येथें आहे तो मातीचा.

आतां सालाकडे वळूं. गांवची परंपरा इसवी सनांत बोलत नाहीं. विजयनगरचा लेख असता तर तो शकांत असता व संवत्सराचें नांव घेऊन असता; इ. स. १५३० म्हणजे शके १४५२, विकृति संवत्सर, आणि वर्षारंभापूर्वींचे महिने असतील तर शके १४५१, विरोधी संवत्सर. आदिलशाही कागद असता तर तो सुहूर सनाचा असता. त्या वर्षींच्या मृगापासून सुहूर सन इहिदे सलासीन तिसा मया, म्हणजे ९३१, लागतें. ‘१५३०’ हें साल ज्यानें प्रथम मांडलें त्याच्यापुढें यांपैकीं कोणतें तरी मूळ असलें पाहिजे, नाहींतर तें ‘सुमारें चारशें वर्षें’, ‘सुमारें साडेचारशें वर्षें’ अशा बोलण्यावरून उलट मोजून काढलेलें असलें पाहिजे. शेवटीं शून्य असलेलें साल पाहिलें कीं आम्ही सावध होतों. मूळ शक किंवा सुहूर सन पुढें आलें, तर एका क्षणांत हा वाद मिटेल. कारण संवत्सर सांपडलें तर धनी विजयनगरचा, आणि ‘तिसा मया’ सांपडलें तर विजापूरचा. कालगणनेची पद्धतच येथें धन्याची मुद्रा आहे.

या तळ्यासंबंधानें एक दंतकथाहि सांगतात, आणि तिचा उपयोग कोणी पुरावा म्हणून करण्यापूर्वीं तिचें स्वरूप समजून घेणें बरें. लग्नकार्यास दागिने हवे असले म्हणजे परडींत फुलें घालून ती तळ्यांत सोडावी, मग परडी सोन्याचे दागिने घेऊन वर येई, आणि कार्य उरकल्यावर ते परत करावे. पुढें कोणी एकानें ते परत केले नाहींत आणि तळ्यानें देणें बंद केलें. ही कथा धामापूरची म्हणून गोड आहे, परंतु ती धामापूरची एकट्याची नाहीं. लग्नासाठीं भांडीं देणारीं तळीं, डोह व कुंडें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत, आणि सर्वत्र शेवट हाच: एका लोभ्यानें सर्वांचें नुकसान केलें. म्हणून या कथेंतून ना साल निघतें ना कर्ता. मात्र एक गोष्ट निघते, आणि ती आम्हांस देसायांच्या मांडलिकीहून मोलाची वाटते. कथेंतलें तळें देतें तें मागेल त्यास. मध्यें देसाई नाहीं, राजा नाहीं, पुजाऱ्याचा हक्कहि नाहीं. जो परत करील तो पुन्हा मागण्यास पात्र, एवढाच तिचा कायदा. ज्या लोकांनीं ही कथा जतन केली, त्यांनीं हें पाणी सर्वांचें मानलें होतें.

कर्त्याविषयीं लिहावयाचें तर नागेश देसाई हें नांव आम्ही टाकून देत नाहीं. तिन्ही गोष्टींत त्यास अधिक टिकाऊपणा आहे, कारण सालें व राज्यें मागाहून जोडलीं जातात, पण अशा कामीं माणसाचें नांव बहुधा मागाहून सुचत नाहीं. वतनदारानें तळें बांधण्यांत नवल कांहींच नाहीं. पडीत जमीन लागवडीस आली म्हणजे सरकारच्या वसुलाबरोबर त्याचाहि हक्क वाढे. परंतु बांधविणें व बांधणें यांत अंतर आहे. पोरुमामिळ्ळच्या राजपुत्रानें निदान हजार मजुरांचा आंकडा तरी दगडावर ठेविला. आमच्या विधानानें तोहि ठेविला नाहीं. शिवाय मातीचा बांध एकदां बांधून होत नाहीं. शंभर इंच पाऊस अंगावर घेणाऱ्या बांधास कुर्ल्या भोंकें पाडतात, झाडांचीं मुळें फोडतात, सांडव्याशीं पाणी माती खातें. असा बांध शतकानुशतकें उभा आहे याचा अर्थ त्याची डागडुजी पिढ्यानपिढ्या चालू होती. त्या डागडुजीची पाळी कोणत्या घराण्याकडे, कोणत्या वाडीकडे होती, हें नागेश देसायांच्या नांवाइतकेंच इतिहासाचें अंग आहे. या भागांतील गांवांत बारा-पांच मानकऱ्यांचे मान ठरलेले असतात, आणि देवापुढील गाऱ्हाण्यांत मूळ पुरुषांस व स्थळदेवतांस क्रमानें हांक मारली जाते. तो क्रम सहसा बदलत नाहीं. तळ्याच्या बांधाचें नांव, त्याच्या राखणदाराचें नांव, भगवतीच्या मानांत पहिला कोण व दुसरा कोण, हें सर्व जसें म्हटलें जातें तसें, अक्षर न बदलतां, उतरून घेतलें पाहिजे. शुद्ध मराठींत सुधारून घेतलेलें गाऱ्हाणें संशोधकाच्या कामाचें नाहीं.

या वादाचा आमच्या वाचकांशीं, विशेषतः जुने कागद बाळगणाऱ्यांशीं, प्रत्यक्ष संबंध आहे. विजयनगर हें नांव एकदां मनांत ठसलें, कीं शोधणारा ताम्रपट शोधतो, कानडी व संस्कृत लेख शोधतो, आणि घरच्या माळ्यावर पडलेलें, वर फारशी व खालीं मोडी असें दुहेरी लिहिलेलें फाटकें फर्मान ‘मुसलमानी कागद’ म्हणून बाजूस टाकतो. कोंकणच्या हवेंत बाजूस टाकलेला कागद चार पावसाळे काढीत नाहीं; उरलेलें काम वाळवी करते. चुकीच्या धन्याचें नांव घेतल्यानें खऱ्या धन्याचे कागद असे नाहींसे होतात, ही या विधानाची खरी हानि आहे. आमच्या मतानुसार तळें आदिलशाहींत झालें असेल, तर त्यामुळें लागवडीस आलेल्या जमिनीचा कौल झाला असला पाहिजे, चढत्या सालानें सारा वाढविण्याचा इस्तावा ठरला असला पाहिजे, आणि त्यांत तळ्याचा उल्लेख येण्याचा संभव आहे. अशा कागदांस देसायांच्या घराबाहेरहि वाटा फुटतात. मालवण इ. स. १८१२ मध्यें करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेलें, तेव्हां करवीरचें दफ्तर एकीकडे. कुडाळ संस्थान विलीन होईपर्यंत सावंतवाडीकडे होतें, तेव्हां तें दुसरीकडे. आणि इंग्रजी अमलांतील रत्नागिरी जिल्ह्याचे इनामांचे कागद तिसरीकडे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो इ. स. १९८१ मध्यें, म्हणून जुन्या यादींत धामापूर शोधतांना तें रत्नागिरीखालीं पाहावें.

ज्यांच्या संग्रहीं कुडाळ अथवा मालवण प्रांताचे आदिलशाही कागद आहेत, त्यांनीं ‘तळें’, ‘बांध’, ‘पाट’ व ‘वायंगण’ हे शब्द, आणि विशेषेंकरून सुहूर सनाचा मायना, नजरेखालून घालावा. असा कागद आढळल्यास त्याची नक्कल मायन्यासह व शिक्क्याच्या ठशासह या त्रैमासिकाकडे धाडावी. भाषान्तर मागाहून झालें तरी चालेल.